पाच सेंटिमीटरची रेघ



या मालेत माझ्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा असते आणि आज मी यकृतावरच्या शस्त्रक्रियांचा इतिहास सांगणार आहे. काहींच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतात. कारण सांगतो.

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्या वडिलांच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली होती. एका सर्जननी सांगितलं, आधी गाठ कापून काढू, पुढे गरज पडली तर यकृत बदलू. दुसऱ्यांनी सांगितलं, कापाकापीत वेळ घालवू नका, थेट प्रत्यारोपणाच्या वाटेने जा. तो म्हणाला, "सर, दोघंही नावाजलेले आहेत. रिपोर्ट एकच आहे. मग सांगणं दोन तऱ्हेचं कसं?"

माझ्या नावाआधीही डॉक्टर लागतं, पण त्या डॉक्टरने कुणाचा ताप उतरत नाही. सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता. मात्र दोन जाणती माणसं एकाच पुराव्यावरून दोन निष्कर्षांना कशी येतात, हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. म्हणून मी वाचू लागलो, आणि लक्षात आलं की हे मतभेद त्या दोघा डॉक्टरांचे नाहीतच. ते या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच आहेत.

सुरुवात शब्दापासून करू. आपण 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो तेव्हा मनात हृदय असतं. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, तो यकृत देईल. म्हणजे माया, धैर्य, काळजी यांचं घर आपल्या भाषेने कधीकाळी यकृतातच मानलं असावं. अवयव आहेही तसा. मोठ्या माणसात दीड किलोच्या आसपास वजन, आणि दर मिनिटाला त्यातून साधारण दीड लिटर रक्त फिरतं. सर्जनला त्याची भीती वाटायची ती या रक्तामुळे.

आता आजार. यकृतात जन्मणारा कॅन्सर आणि दुसरीकडून पसरून यकृतात आलेला कॅन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपण पहिल्याबद्दलच बोलतोय. तो बहुतेक वेळा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, आणि अलीकडे मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी, यांनी वर्षानुवर्षं सूज राहते. यकृत कडक आणि खडबडीत होतं. याला सिरॉसिस म्हणतात. म्हणजे रुग्णाला एक नव्हे, दोन आजार असतात. एक गाठ, आणि दुसरी ती गाठ जिच्यात उगवली ती जमीन. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास यातूनच निघतो.

पहिला टप्पा कापायला शिकण्याचा. १८८८ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी एका तीस वर्षांच्या बाईच्या यकृताचा गाठ असलेला डावा भाग ठरवून कापून काढला. नंतर पोटात रक्तस्राव झाला, पोट पुन्हा उघडावं लागलं, पण बाई वाचली. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी सुचवलं की यकृतात जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा खालीच चिमटीत धरला तर रक्त तात्पुरतं थांबतं. त्यांचे स्वतःचे अपघाती जखमांचे रुग्ण वाचले नाहीत; प्राण्यांवर मात्र युक्ती चालली. आज शंभराहून अधिक वर्षांनी जगभरचे सर्जन ती वापरतात आणि तिला प्रिंगल यांचंच नाव आहे.

पण चिमटा लावला तरी कापायचं कुठे? यकृत बाहेरून एकसंध दिसतं. १९४९ साली क्योतोमध्ये होंजो इचिओ यांनी, आणि १९५१ साली पॅरिसमध्ये लोर्ता-जाकोब यांनी, आधी रक्तवाहिन्या बांधून मग उजवा भाग काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया केली. पॅरिसच्याच क्लोद क्विनो यांनी मृतदेहांमधल्या यकृतांच्या वाहिन्यांत प्लास्टिकसारखा पदार्थ भरून, भोवतालचा गर काढून टाकून त्यांचे साचे बनवले. १९५७ साली त्यांनी दाखवलं की यकृताचे आठ खंड आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र रक्तपुरवठा आहे. फणसातला एक गरा बाजूच्याला धक्का न लावता काढावा, तसा एक खंड काढता येतो. तिकडे हनोईत तोन थात तुंग साधी युक्ती वापरत होते. बोटांनी गर चिरडत जायचं. गर मऊ, तो फुटतो. वाहिन्या चिवट, त्या बोटाला लागतात. लागली की बांधायची. १९६३ साली त्यांची पद्धत 'लॅन्सेट'मध्ये छापून आली.

म्हणजे १९६० च्या आसपास नकाशा हाती आला होता. पण तो निरोगी यकृताचा. निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला काही आठवड्यांत वाढून काम पुरं करतो. सिरॉसिस झालेल्या यकृताला हे जमत नाही. तिथे जास्त कापलं तर रुग्ण यकृत निकामी होऊन जातो. कमी कापलं तर रोग मागे राहतो.

या कोंडीवर सर्वांत चिकाटीने काम जपानमध्ये झालं. माकुउची मासातोशी यांनी ऑपरेशन चालू असताना यकृतावरच सोनोग्राफी करून नेमका तेवढाच खंड काढायला सुरुवात केली. एक हिरवा रंग शिरेतून द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी रक्तात किती उरला ते मोजायचं, त्यावरून यकृताची ताकद ओळखायची आणि किती कापायचं ते ठरवायचं, अशी शिस्त त्यांनी लावली. जो भाग काढायचा त्याचा रक्तपुरवठा काही आठवडे आधीच बंद करायचा, म्हणजे राहणारा भाग आधीच वाढू लागतो, हीही युक्ती तिथेच १९८० च्या दशकात रुजली. या सगळ्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावरचे मृत्यू खूप कमी झाले.

तरी जमीन तीच राहिली. गाठ काढल्यावर पाच वर्षांत साधारण सत्तर टक्के रुग्णांत कॅन्सर पुन्हा दिसतो. कधी जुन्याच गाठीचे सुटलेले कण, तर कधी त्याच नापीक जमिनीत उगवलेली नवी गाठ. मग स्वाभाविक विचार येतो, जमीनच का बदलू नये?

इथून दुसरा टप्पा, प्रत्यारोपणाचा. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला टॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. रक्तस्राव थांबला नाही, तो टेबलावरच गेला. पुढचे रुग्णही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत, आणि काम काही वर्षं बंद ठेवावं लागलं. मग जुलै १९६७. दीड वर्षाची एक मुलगी, यकृताचा कॅन्सर. नवं यकृत बसलं, चाललं, आणि ती वर्षाहून अधिक जगली. जगातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण हे कॅन्सरसाठी झालं होतं. आणि ती मुलगी गेली ती नव्या यकृतामुळे नाही, परत आलेल्या कॅन्सरमुळे. पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न त्या एका आयुष्यात मांडला गेला होता.

१९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, शरीर नवा अवयव नाकारतं त्याला आळा बसला आणि प्रत्यारोपणं वाढली. तेव्हाचा तर्क पाहा. छोटी गाठ असेल तर कापा. कापता येण्यापलीकडची असेल तर यकृतच बदला. वरवर पटतं. पण यात सर्वांत पुढे गेलेले कॅन्सर प्रत्यारोपणाच्या वाट्याला आले. गाठीचे कण आधीच रक्तात सुटलेले, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. अनेकांत रोग झपाट्याने परत आला. दान मिळालेली यकृतं वर्षा-दोन वर्षांत रुग्णासह जाऊ लागली. कॅन्सरसाठी प्रत्यारोपण करूच नये, असं मत बळावलं.

हे मत बदललं मिलान शहरात. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या व्हिन्चेन्झो माझ्झाफेर्रो आणि सहकाऱ्यांनी तर्क उलटा केला. त्यांनी गाठ छोटी असलेलेच रुग्ण घेतले. एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत; दोन किंवा तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत; रक्तवाहिनीत शिरकाव नाही, यकृताबाहेर काही नाही. फक्त ४८ रुग्ण. चार वर्षांनी त्यांपैकी ७५ टक्के जिवंत राहतील, असा हिशेब निघाला. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं आणि 'मिलानचे निकष' हा जगभरचा दंडक झाला.

आता थांबून बघा. ऑपरेशन तेच होतं, आणि यश आलं ते मुख्यतः रुग्णांच्या निवडीमुळे. पण या निवडीने एक नवाच पेच निर्माण केला. ज्याची गाठ छोटी, यकृत अजून बऱ्यापैकी, तोच कापण्यासाठीही चांगला उमेदवार. पूर्वी एक वाट संपली की दुसरी सुरू व्हायची. १९९६ नंतर दोन्ही वाटा एकाच माणसाच्या दारात आल्या. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न जन्मला तो इथे.

आणि पाच सेंटिमीटरच का? साडेपाच का नाही? ग्रीक परंपरेत युबुलिडीसच्या नावावर एक कोडं आहे. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग राहतो, आणखी एक काढला तरी राहतो. मग ढीग संपतो कधी? निसर्गात तशी रेघ नाही, ती आपण ओढतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी २००१ साली दाखवलं की एक गाठ साडेसहा सेंटिमीटरपर्यंत धरली तरी निकाल चांगले येतात. मग रेघ ओढायचीच कशाला? कारण यकृतं मोजकी आहेत. अवयव मुबलक असते तर साडेसहाच काय, आठ सेंटिमीटरवालाही म्हणाला असता, मला थोडी शक्यता आहे ना, मग द्या. रेघ रुग्णाच्या रोगाबद्दल कमी आणि रांगेतल्या दुसऱ्या माणसाबद्दल जास्त सांगते. तो दुसरा माणूस डॉक्टरच्या समोर बसलेला नसतो, आणि म्हणून नियम लागतो.

रांग म्हटली की वाट पाहणं आलं. अमेरिकेत २००२ पासून यकृत कुणाला आधी द्यायचं हे रक्ताच्या तपासण्यांवरून काढलेल्या गुणांवर ठरू लागलं. जो जास्त आजारी, तो आधी. पण कॅन्सरवाल्याचं रक्त बऱ्याचदा बरं असतं. वाट पाहता पाहता गाठ रेघेबाहेर जाते. म्हणून त्याला जादा गुण दिले. मग ते गुण जास्त होतात, बाकीच्यांवर अन्याय होतो, असं दिसलं. ते कमी केले. २०१५ पासून तर नियम झाला की कॅन्सरच्या रुग्णाने जादा गुणांसाठी सहा महिने थांबायचं.

या थांबण्याच्या काळात काय करायचं, यातून तिसरा टप्पा सुरू झाला, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे. सुईने गाठ जाळायची. तिच्या धमनीत औषध सोडून रक्तपुरवठा तोडायचा. नाहीतर सरळ कापून काढायची. डॉक्टर याला 'ब्रिज' म्हणतात, यकृत मिळेपर्यंतचा पूल. २००० साली जिनिव्हाच्या पिएत्रो माइनो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. यकृत चांगलं असलेल्या, छोट्या एका गाठीच्या रुग्णाची गाठ आधी कापा. कॅन्सर परत आलाच तर तेव्हा प्रत्यारोपण करा. काहींना ते कधीच लागणार नाही, आणि तेवढी यकृतं इतरांना मिळतील.

मग २००३ साल. पॅरिसच्या उपनगरांतली दोन मोठी रुग्णालयं. क्लिशीत जॅक बेलगिती, व्हिलझ्वीफमध्ये रने आदां. दोघांनी आपापल्या रुग्णांचा हिशेब त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात छापला. बेलगिती म्हणाले, आधी कापलं म्हणून नंतरचं प्रत्यारोपण अवघड किंवा धोक्याचं होत नाही. आदां म्हणाले, धोका वाढतो, कॅन्सर जास्त परततो, आयुष्य कमी होतं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला भेटलेले दोन डॉक्टर वीस वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये बसलेले होते!

दोघंही खरं बोलत होते. पण नीट पाहिलं तर आधी कापून मग प्रत्यारोपण झालेले रुग्ण दोन्हीकडे वीसच्या आतच होते. इतक्या थोड्या माणसांत दोन-चार जणांचं बरं-वाईट झालं तरी चित्र पालटतं. दुसरं, ज्यांना आधी कापलं त्यांच्यातले सगळेच पुढे प्रत्यारोपणापर्यंत पोचत नाहीत. काहींना गरज पडत नाही, आणि काहींचा कॅन्सर परततो तोच रेघेबाहेर. तुम्ही हिशेब कुणापासून सुरू करता, गाठ सापडलेल्या प्रत्येकापासून की टेबलावर पोचलेल्यांपासून, यावर उत्तर ठरतं. आकडे प्रश्नाच्या चौकटीत राहूनच उत्तर देतात.

कापण्याचा आणखी एक फायदा मात्र आहे. गाठ बाहेर आली की ती सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण वाचता येते. बारीक रक्तवाहिन्यांत शिरकाव झालाय का, मुख्य गाठीभोवती पिल्लं आहेत का, हे स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. कापलेल्या तुकड्यात दिसतं. बार्सिलोनाच्या गटाने २००४ साली मांडलं की अशी लक्षणं दिसली तर कॅन्सर परतण्याची वाट न पाहता त्या रुग्णाला लगेच प्रत्यारोपणाच्या यादीत घ्या. ऑपरेशन उपचार होतंच, आता ते साक्षही झालं.

पण साक्ष काय सांगते? बार्सिलोनाचा तर्क, लक्षणं वाईट आहेत म्हणून याला यकृत लवकर द्या. सहा महिने थांबायला लावणाऱ्यांचा तर्क, गाठ वाईट असेल तर ती या काळात उघडी पडेल आणि अशा रुग्णाला यकृत देणं वाया जाणं टळेल. एकच खूण, दोन उलटे अर्थ. एक जण विचारतो, गरज कुणाला जास्त? दुसरा विचारतो, उपयोग कुणाला जास्त? सेंटिमीटर मोजून हा वाद सुटत नाही. तो न्यायाचा वाद आहे.

रेघही आता थोडी हलली आहे. माझ्झाफेर्रो यांच्याच गटाने २०२० साली इटलीतल्या एका चाचणीचे निकाल दिले. रेघेबाहेरच्या रुग्णांच्या गाठी आधी इतर उपचारांनी लहान केल्या, त्या तशाच राहतात का ते पाहिलं, आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. प्रत्यारोपणाच्या गटात पाच वर्षांनी ७७ टक्के जिवंत, दुसऱ्या गटात ३१ टक्के. रुग्ण ४५ च होते, तरी फरक ठळक आहे. म्हणजे ज्यांनी रेघ ओढली त्यांनीच सांगितलं की गाठीचा आकार जितका महत्त्वाचा, तितकंच उपचारानंतरचं तिचं वागणंही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेता येऊ लागले आणि १९९८ साली दिल्लीत यकृत प्रत्यारोपण यशस्वी झालं. पण मृत्यूनंतरचं दान आपल्याकडे फार कमी. बहुसंख्य यकृतं जिवंत नातेवाइकांकडून येतात. मोठ्या माणसासाठी बहुतेक वेळा दात्याच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक यकृत काढतात. ते पुन्हा वाढतं, धोका कमी असतो, पण शून्य नसतो. आणि दाता निरोगी असतो, हे विसरू नका.

त्यामुळे मिलानची रेघ आपल्याकडे आली की तिचा अर्थ बदलतो. तिथे ती रांगेतल्या अनोळखी माणसाचं रक्षण करते. इथे बहुतेक वेळा रांगच नसते. इथे ती घरातल्या माणसाचं रक्षण करते. बाबांना पाच-दहा टक्के शक्यता आहे म्हणून लेकीच्या पोटावर सुरी चालवावी का? आणि घरात दाता कोण होतं? पुष्कळदा बायको, आई, बहीण, लेक. त्यांना मोकळेपणाने 'नाही' म्हणता येतं का? कायदा जवळच्या नातेवाइकाला परवानगी देतो. त्याच्यावर घरात किती दडपण आहे, हे कागदावरून पुरतं कळत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. पहिला, वडिलांचं उरलेलं यकृत किती काम करतं, कापण्याजोगं आहे का? दुसरा, कापल्यावर कॅन्सर परतला तर प्रत्यारोपणाची वाट उघडी राहील का, आणि गाठीचा तुकडा तपासून पुढे काय ठरवणार? तिसरा, यकृत देणार कोण, आणि त्या व्यक्तीला एकटीला बोलावून कुणी विचारलंय का? दोन्ही डॉक्टरांनी पहिल्या दोन प्रश्नांची जवळजवळ सारखीच उत्तरं दिली. फरक तिसऱ्यात होता. थेट प्रत्यारोपण सांगणाऱ्यांनी दाता आहे असं गृहीत धरलं होतं. लेकीच्या तपासण्याही ठरल्या होत्या. ते कळल्यावर वडील म्हणाले, "काय कापायचं ते माझं कापा. पोरीला हात लावायचा नाही."

निर्णय तिथे झाला. त्यांची गाठ काढली आहे. पुढचं स्कॅन यायचं आहे. तो निर्णय बरोबर होता का, हे मला सांगता येणार नाही. लेकीची इच्छा असती तर? तिलाही कुणी नीट विचारलंच नव्हतं. आधी तिला गृहीत धरलं, मग तिच्या वतीने नकार दिला. तिसरा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही, याची रुखरुख मला आहे.

म्हणून एवढंच सांगतो. दोन डॉक्टर वेगळं सांगतात तेव्हा त्यांतला एक चुकतोय, असं लगेच समजू नका. कुणाला समोर ठेवून ते उत्तर देतायत ते विचारा: समोरचा रुग्ण, रांगेतला अनोळखी, की घरातला दाता. तिघांनाही एकाच वेळी पुरा न्याय देईल अशी रेघ अजून कुणाला ओढता आलेली नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.